गावच्या बंद घराला फोनचा अलार्म कसा करावा

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा. गुहागर तालुक्यात वडिलोपार्जित कौलारू घर, तुम्ही राहता डोंबिवलीला. गणपती, शिमगा आणि मे महिन्यातले पंधरा दिवस सोडले तर घराला कुलूप. गेल्या पावसाळ्यात कोणीतरी मागच्या पडवीवरची कौलं काढून आत उतरलं आणि तांब्यापितळेची भांडी, देवघरातली समई, विहिरीवरच्या पंपाची मोटर घेऊन गेलं. तुम्हाला कळलं ते दीड महिन्यानं. घरात एक जुना बटणांचा मोबाईल पडून आहे. त्याला वायरी जोडून, चोर शिरला की फोन येईल असं काही करता येईल का? आणि जाता जाता विचारलंत, खिडकीच्या गजांना करंट सोडला तर?

करंटचं आधी. सोडायचा नाही. पावसाळ्यात जांभ्याच्या ओल्या चिऱ्यातून तो कुठवर उतरेल याचा भरवसा नाही आणि गजाला पहिला हात लावणार शेजारचं पोर, नाहीतर माड उतरवायला आलेला गडी. रानडुकरांसाठी सोडलेल्या तारेला चिकटून माणसं गेल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. त्यात सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागतो, आणि मेलेला माणूस चोर होता म्हणून तो माफ होत नाही. हा विषय इथेच संपला.

आता अलार्म. होय, करता येतो. मी चिपळुणात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीपासून सुरुवात केली आणि गेली तीसेक वर्षं बंद घरांना, बागांना, गोदामांना असली यंत्रं बसवतो आहे. पहिलं बसवलं तेव्हा मोबाईल नव्हतेच. लँडलाइनला रिले (विजेनं उघडमिट होणारा स्विच) लावून आकडे डायल करायचो. जुन्या पद्धतीत एक म्हणजे लाइन एकदा तोडायची, दोन म्हणजे दोनदा, शून्य म्हणजे दहादा, सेकंदाला दहा ठोक्यांच्या वेगानं. मुंबईचा नंबर फिरेपर्यंत रिले सुतारपक्ष्यासारखी टकटक करायची. यंत्र झकास चालायचं. पण एका बागायतदाराच्या घरी चोरी झाली आणि फोन काही आला नाही. जाऊन बघतो तर फांदी पडून फोनची तार तुटलेली, तीही चार महिन्यांपूर्वी. यंत्रात काहीच दोष नव्हता, ते बिचारं मेलेल्या तारेवर टकटक करत बसलं होतं.

तेव्हापासून मी कोणतंही यंत्र बसवताना दोन गोष्टी आधी विचारतो. यंत्र बंद पडलं तर ते कोणाला आणि कसं कळणार? आणि फोन आल्यावर प्रत्यक्ष जाऊन बघणार कोण? सेन्सर, मॉड्यूल, भोंगा हे सगळं त्यानंतर. डोंबिवलीहून तुमचं घर दोनशे किलोमीटरच्या वर आहे. रात्री अडीच वाजता फोन आला तर तुम्ही करणार काय? अंथरुणात उठून बसाल आणि कोणाला तरी फोन लावाल. मग यंत्रानंच तो फोन त्या माणसाला थेट का लावू नये?

म्हणून वायर कापण्याआधी वाडीतली दोन माणसं ठरवा. एक अगदी शेजारचा, ज्याच्या घरातून तुमचा ओटा दिसतो. दुसरा मोटरसायकल असलेला कोणी तरुण. गावच्या पोलीस पाटलांनाही सांगून ठेवा. बंद घराची खबर ठेवणं त्यांच्या कामातच येतं. शेजाऱ्याला एक गोष्ट बजावून सांगा, आत जायचं नाही. अंगणातला दिवा लावायचा, दोन-चार जणांना घेऊन लांबूनच हाका मारायच्या, ११२ ला फोन करायचा. तुमच्या भांड्यांपायी त्याच्या डोक्यात पहार बसायला नको. आणि गणपतीला जाल तेव्हा त्याच्या घरी मिठाईचा पुडा जाऊ द्या, वर्षभर त्याची झोप तुम्ही वापरणार आहात.

आता तुमचा जुना फोन. जुगाड असा आहे. फोन उघडला की बटणांच्या रबराखाली प्रत्येक बटणाला पत्र्याची बारीक घुमटी दिसते. तिच्याखाली तांब्याची दोन वर्तुळं असतात, एकात एक. बटण दाबणं म्हणजे ती दोन वर्तुळं एकमेकांना जोडणं, बाकी काही नाही. २ या बटणावर शेजाऱ्याचा नंबर स्पीड डायलला टाकायचा. घुमटी काढून दोन्ही वर्तुळांना केसाएवढी इनॅमल तार सोल्डर करायची आणि त्या तारा एका छोट्या रिलेच्या संपर्कांना न्यायच्या. दार उघडलं की ५५५ टायमर आयसी (वेळ मोजणारी छोटी चिप) रिलेला दोनेक सेकंद ओढून धरतो, फोनला वाटतं कोणी २ दाबून धरलं, आणि कॉल लागतो. शाळेतल्या मुलाला शिकवायला यासारखा प्रयोग नाही. एक दुपार पुरते, खर्च दोनशे रुपयांच्या आत.

पण घराची राखण त्याच्यावर सोपवू नका. पहिली अडचण, की-पॅडचं आपोआप लागणारं कुलूप. ते सेटिंगमधून बंद करता येतं. दुसरी अडचण कोणी सांगत नाही. मोबाईल कंपन्या मधूनच पडद्यावर जाहिरातीचा संदेश फेकतात, 'ओके' दाबल्याशिवाय तो हलत नाही. तो संदेश पडद्यावर असताना तुमचं २ चं बटण काहीही करत नाही. घर बंद, ओके दाबायला कोणी नाही. मी स्वतः बसवलेला एक फोन असाच 'आजची राशी ऐका' म्हणत अडीच महिने थांबून राहिला होता. तिसरी अडचण बॅटरीची. फोन कायम चार्जरला लावून ठेवला की बॅटरी काही महिन्यांत फुगते. मे महिन्याच्या उकाड्यात, माळ्यावर सुकी लाकडं असलेल्या बंद घरात फुगलेली लिथियम बॅटरी ठेवणं मला अजिबात मान्य नाही. जुना स्मार्टफोन कॅमेरा म्हणून खिडकीत ठेवायची ॲप आहेत, तीही चांगली आहेत. पण ही बॅटरीची भानगड तिथेही तशीच, वर इंटरनेटची गरज आणि नेट गेलं की सगळंच गेलं. शहरातल्या फ्लॅटमध्ये सुटीचे आठ दिवस ते ठीक.

फोनऐवजी सिम घालायचं मॉड्यूल घ्या. त्याला पडदा नाही, बटणं नाहीत, फुगणारी बॅटरी नाही. आर्डुइनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाकडून त्याला लेखी हुकूम जातात: हा नंबर लाव, हा संदेश पाठव. या हुकमांना एटी कमांड म्हणतात. कॉल लावताना नंबरानंतर अर्धविरामाचं चिन्ह द्यायला विसरू नका. ते नसेल तर मॉड्यूल समजतं तुम्हाला डेटा कॉल हवा आहे, आणि समोर घंटी वाजत नाही. निम्मे नवशिके इथे दोन रात्री घालवतात.

मॉड्यूल कोणतं, इथे बरेचजण फसतात. बाजारात सगळ्यात स्वस्त आणि लोकप्रिय सिम८००एल. ते फक्त टू-जीवर, म्हणजे मोबाईलच्या जुन्या पिढीच्या नेटवर्कवर चालतं. जिओचं टू-जी नेटवर्क कधी नव्हतंच, त्यामुळे जिओचं सिम त्यात घातलं तर मॉड्यूल जन्मभर नेटवर्क शोधत राहील. एअरटेल, व्हीआय, बीएसएनएल यांच्या टू-जीवर ते चालतं, पण आज नवं यंत्र करताना पुढची पाच-सात वर्षं टू-जीच्या भरवशावर काढणं मला पटत नाही. त्यापेक्षा फोर-जीचं ए७६७० जातीचं मॉड्यूल घ्या. ते महाग आहे, आणि त्याच नावाखाली काही प्रकार फक्त डेटाचे असतात, त्यांच्यावर बोलण्याचा कॉल लागत नाही. दुकानदाराला स्पष्ट विचारा, व्हॉइस कॉल जातो का, आणि शक्य तर त्याच्या समोर तुमचंच सिम घालून एक कॉल लावून बघा.

नेटवर्क कोणाचं घ्यायचं हे जाहिरातीवरून ठरवू नका. तुमचं घर चिऱ्याचं, दीड-दोन फुटांच्या भिंतींचं. अंगणात तीन दांड्या रेंज आणि माजघरात शून्य, हे कोकणात रोजचं आहे. यंत्र माजघरातच बसणार, तेव्हा मोजायचंही तिथेच. सगळ्या कंपन्यांची सिमं घेऊन तिथे उभे राहा आणि दांड्या मोजू नका. ॲन्ड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये सिमच्या माहितीखाली सिग्नलचा आकडा डीबीएममध्ये दिसतो. आकडा उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. टू-जीला उणे ९० किंवा त्याहून चांगला हवा, उणे १०० च्या पलीकडे भरवसा नाही. फोर-जीचा आकडा वेगळ्या पद्धतीनं मोजतात, तिथे उणे १०५ सुद्धा चालून जातो, उणे ११५ ला मात्र कॉल तुटतात. दोघांची तुलना करू नका. रेंज कमी असेल तर बाहेर काढता येईल असा ॲन्टेना घ्या आणि तो वळचणीखाली कौलांच्या आतल्या बाजूला लावा. कोणी सिग्नल बूस्टर सुचवील, तो परवान्याशिवाय लावणं बेकायदा आहे, आणि सगळ्या वाडीच्या रेंजची वाट लागते ती वेगळीच.

आता सेन्सर. लोक आधी दारांना चुंबकी स्विच लावतात: चौकटीत काचेच्या नळीतला रीड स्विच, फळीवर चुंबक. लावाच, स्वस्त आहे आणि पक्कं आहे. सगळ्या दारांचे स्विच एका माळेत जोडा, म्हणजे दार उघडलं काय आणि उंदरानं किंवा चोरानं तार तोडली काय, माळ तुटते आणि यंत्राला कळतं. कोकणात एक काळजी घ्यायची. जुनी सागवानी दारं पावसाळ्यात फुगतात आणि हिवाळ्यात आक्रसतात. मे महिन्यात तंतोतंत बसवलेलं चुंबक जुलैत सरकतं. म्हणून थोडं मोठं चुंबक घ्या आणि बसवताना फट आठ-दहा मिलिमीटरच्या आत ठेवा, पुढेमागे सरकायला जागा राहते.

पण तुमचा चोर दारातून आलाच नव्हता. कौलारू घराला सहा दारं आणि वरून आठशे कौलं म्हणजे आठशे खिडक्या. प्रत्येक कौलाला स्विच लावता येत नाही. म्हणून आत उतरणाऱ्या माणसाला पकडणारा सेन्सर माजघरात हवा, आणि एक मागच्या पडवीत. हा पीआयआर सेन्सर, हलणाऱ्या शरीराच्या उष्णतेवर चालतो. शंभर-सव्वाशे रुपयांना मिळणारा एचसी-एसआर५०१ सहा-सात मीटरपर्यंत बघतो. वीज दिल्यावर मिनिटभर त्याचं डोकं ठिकाणावर नसतं, तेवढा वेळ प्रोग्रॅममध्ये त्याच्याकडे दुर्लक्ष करायचं. उष्णतेतल्या फरकावर चालत असल्यामुळे मे महिन्यात दुपारी घराचं तापमान अंगाच्या जवळ गेलं की तो थोडा आंधळा होतो. चोर बहुधा रात्रीचा येतो, त्यामुळे चालून जातं.

खरी डोकेदुखी वेगळी आहे. बंद घर रिकामं नसतं. तिथे उंदीर असतात, वटवाघळं असतात, कौलांमधून उदमांजर उतरतं, दिवसा वानरं वर नाचतात. सेन्सरच्या भिंगावर कोळी जाळं करतो आणि पाल तर थेट त्याच्यावरच बसते. एका रात्रीत तीनदा शेजाऱ्याला उठवलं की चौथ्यांदा तो फोन बंद करून झोपतो, आणि त्याचं चुकत नाही. माझ्या अनुभवात तंत्रापेक्षा या खोट्या हाकांनी जास्त अलार्म मारले आहेत. म्हणून नियम असा लिहा: एका सेन्सरनं एकदा डोळा मिचकावला तर फक्त तुम्हाला एसएमएस. दोन वेगवेगळ्या सेन्सरनी अर्ध्या मिनिटाच्या आत सांगितलं, किंवा दाराची माळ तुटून मग सेन्सरनं सांगितलं, तरच भोंगा आणि शेजाऱ्याला कॉल. उदमांजर माजघरातून पडवीत धावलं तर हा नियमही फसतो. त्यासाठी सेन्सर छातीच्या उंचीवर बसवा आणि त्याच्या भिंगाचा खालचा तिसरा हिस्सा आतून काळ्या चिकटपट्टीनं झाका. जमिनीवरून जाणारं दिसत नाही, उभा माणूस दिसतो. चोर काही रांगत येणार नाही.

एक दोष असा आहे की तो शोधायला मला दोन महिने लागले. यंत्र एकदा वाजलं की थांबायचंच नाही. कॉल संपला की पुन्हा सेन्सर, पुन्हा कॉल, सिममधले पैसे संपेपर्यंत. जुन्या रेडिओजवळ मोबाईल ठेवला की फोन येण्याआधी 'टर्र-टर्र' आवाज यायचा, आठवतं? टू-जी मॉड्यूल बोलताना सेकंदाला दोनशेच्या वर झटके देत प्रक्षेपण करतं, तोच हा आवाज. ते झटके सेन्सरच्या तारेत शिरतात आणि सेन्सरला वाटतं कोणी हललं. म्हणजे यंत्र स्वतःच्याच हाकेनं दचकून पुन्हा हाक मारत होतं. उपाय सोपे आहेत: ॲन्टेना सेन्सरपासून किमान मीटरभर लांब, सेन्सरच्या पायांशी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (असे झटके गिळणारा छोटा भाग), आणि कॉल चालू असताना व नंतरचं अर्धं मिनिट प्रोग्रॅमनं सेन्सरकडे बघायचंच नाही. फोर-जीमध्ये हा त्रास कमी आहे, पण सवय तीच ठेवा.

वीज. तुमचं यंत्र बंद पडायचं एक मोठं कारण तिथे असेल. गाव सोडताना आपल्याकडे मेन स्विच खाली ओढायची पद्धत आहे, आणि ती योग्यच आहे. तेव्हा वायरमनकडून या यंत्रापुरती वेगळी लाइन, वेगळा एमसीबी करून घ्या. बाकी सगळं घर बंद, एवढंच चालू. त्या लाइनवर विजेचा झटका शोषणारं संरक्षण हवंच. मे महिन्याच्या अखेरीस आणि ऑक्टोबरात आमच्याकडे वीज कशी कडाडते ते तुम्ही जाणता, आणि गावाकडे न्यूट्रल तुटून घरात चारशे व्होल्ट आल्याचे प्रसंग मी हातानं निस्तरले आहेत.

बॅटरी १२ व्होल्ट, ७ ॲम्पिअर-तासाची, यूपीएसमध्ये असते ती सीलबंद. चार्जर १३.६ ते १३.८ व्होल्टवर स्थिर ठेवणारा घ्या, मोटरसायकलच्या बॅटरीचा चार्जर नको, तो तिला उकळून काढील. किती टिकेल याचा हिशेब सोपा. साधा आर्डुइनो ऊनो बोर्ड, मॉड्यूल आणि सेन्सर मिळून साधारण ८० मिलिॲम्पिअर खातात. बॅटरी पूर्ण पिळायची नाही, सत्तर टक्के धरा, म्हणजे ४.९ ॲम्पिअर-तास. भागिले ०.०८, साठ तासांच्या आसपास, अडीच दिवस. ऊनोऐवजी प्रो मिनी बोर्ड घेतला, त्यावरचा उगीच जळणारा छोटा दिवा काढला, तर एकूण खप ३० मिलिॲम्पिअरवर आणता येतो आणि तीच बॅटरी साडेसहा दिवसांच्या वर जाते. एवढ्या एका बदलात.

हा फरक का महत्त्वाचा ते ३ जून २०२० ला कळलं. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकलं आणि मंडणगड-दापोलीकडे विजेचे खांब काडीसारखे मोडले. कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. मी बसवलेल्या तिथल्या यंत्रांनी पहिल्या संध्याकाळी 'वीज गेली' कळवलं आणि मग टॉवरच गेले, त्यामुळे सगळी एकदम गप्प झाली. अशा वेळी कोणतंही यंत्र कामाचं नाही, पण गप्प झाली एवढं तरी मालकांना त्याच दिवशी कळलं.

सौर पॅनेल लावावं का? लावा, पण हिशेब करून. ३० मिलिॲम्पिअरचं यंत्र दिवसाला नऊ वॉट-तासांच्या जवळपास खातं, ऊनोवालं तेवीस. जुलैतल्या झडीत पॅनेलला दिवसाकाठी पूर्ण उन्हाचा एक तास मिळाला तरी नशीब समजा. म्हणजे काटकसरीच्या यंत्राला २० वॉट पुरे, ऊनोला ४० हवेत. आणि आंब्याची सावली पडत नाही अशी जागा तुमच्या घराला कुठे आहे ते तुम्हीच बघा.

सिम८००एल वापरणारच असाल तर एक इशारा. त्याला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात आणि कॉल लावताना ते क्षणभर दोन ॲम्पिअर ओढतं. आर्डुइनोच्या पाच व्होल्टांच्या पायातून वीज दिलीत तर एकतर जळेल, नाहीतर ऐन कॉलच्या वेळी मान टाकून पुन्हा चालू होईल. व्होल्टेज उतरवणारा वेगळा कन्व्हर्टर घ्यायचा, आधी मल्टिमीटर लावून ४.१ व्होल्टवर आणायचा आणि मगच मॉड्यूल जोडायचं. जोडाजवळ १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. आधी मॉड्यूल जोडून मग व्होल्टेज फिरवणाऱ्यांची मॉड्यूलं माझ्या खणात बरीच आहेत.

सगळ्यात महत्त्वाची ओळ प्रोग्रॅममधली ही: रोज सकाळी आठ वाजता एक एसएमएस. 'ठीक. वीज आहे. बॅटरी १३.४. रेंज १८.' एवढाच. (रेंजचा हा आकडा मॉड्यूलच्या ० ते ३१ च्या मापातला, डीबीएमचा नव्हे.) तो आला तर घर जिवंत आहे. नऊ वाजेपर्यंत आला नाही तर शेजाऱ्याला फोन. लोक मला म्हणतात, रोज कशाला त्रास, आठवड्याला एक पुरे. मी ऐकत नाही. आठवड्याचा संदेश चुकला हे माणसाच्या लक्षातच येत नाही. रोजचा चुकला की दात पडल्यासारखं जाणवतं. याच वेळी मॉड्यूलची वीज रिलेनं दहा सेकंद तोडून परत द्या, कारण ही मॉड्यूलं महिनोन्महिने चालू राहिली की कधीतरी अडकतात. वीज गेल्याचा संदेश मात्र लगेच पाठवू नका, दहा मिनिटं थांबा, नाहीतर पावसाळ्यात दिवसाला वीस येतील.

कॉलचा क्रम: शेजारी, दुसरा माणूस, मग तुम्ही. मॉड्यूलला समोरच्यानं फोन उचलला की नाही ते सीएलसीसी या कमांडनं विचारता येतं. नुसती घंटी वाजून थांबली तर पुढचा नंबर, असे तीन फेरे. उचलल्यावर ऐकू काय येणार? काही नाही, शांतता. आवाज रेकॉर्ड करून ऐकवायची सोय करता येते, पण गरज नाही. शेजाऱ्याच्या फोनमध्ये त्या नंबराला 'घर - चोर' असं नाव देऊन ठेवा आणि वेगळी, मोठी रिंगटोन. चालू-बंद करायलाही फोनच वापरा. अंगणात पोचलात की तुमच्या नंबरावरून मिस कॉल द्यायचा, यंत्र नंबर ओळखून कॉल कापतं आणि झोपी जातं. परत निघताना पुन्हा मिस कॉल. पैसे शून्य, किल्ली हरवण्याची भीती नाही.

भोंगा लावा, पण आत, माळ्यावर, हाताला लागणार नाही असा. आतला भोंगा चोराला घाबरवतो, बाहेरचा त्याला कुठली तार तोडायची ते दाखवतो. तीन मिनिटांत आपोआप बंद व्हायला हवा, वाडीत म्हातारी माणसं झोपलेली असतात.

सिमचं कलम विसरू नका. बंद पडलेला अलार्म म्हणून माझ्याकडे जे येतं त्यात निम्म्याहून अधिक वेळा यंत्र ठणठणीत असतं, सिम मेलेलं असतं. नव्वद दिवस वापर नसेल तर कंपनी नंबर बंद करू शकते. रोजच्या एसएमएसनं ती अडचण सुटते, पण रिचार्जची मुदत संपली तर एसएमएसच जात नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकानं फक्त कॉल आणि एसएमएस असलेली, डेटा नसलेली पॅकही देणं कंपन्यांना बंधनकारक केलं आणि विशेष पॅकची कमाल मुदत ३६५ दिवसांवर नेली. त्यातलं वर्षभराचं घ्या आणि मुदत संपायच्या आत, दर वर्षी एका ठरलेल्या तारखेला रिचार्ज करा. गणपतीवर विसंबू नका, अधिक महिन्याच्या वर्षी चतुर्थी ३६५ दिवसांच्या पुढे जाते. सिमचा पिन काढून टाका, नाहीतर वीज येऊन-जाऊन झाली की मॉड्यूल पिन मागत बसेल. सिम तुमच्याच नावावरचं हवं.

पेटी प्लॅस्टिकची, रबरी गॅस्केट असलेली. तारा खालून आत घ्या आणि आत शिरण्याआधी प्रत्येक तारेला खाली एक झोल द्या, पाणी तिथून टपकून जातं. तुमचं घर समुद्राजवळ, खारी हवा एका पावसाळ्यात तांब्यावर हिरवा थर आणते. सोल्डरिंग झाल्यावर बोर्डावर संरक्षक लॅकर मारा, नसेल तर पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात. कनेक्टर मात्र वाचवून. जिथून तार आत जाते ते भोक सिलिकॉननं बुजवा. मुंग्यांना उबदार पेटी फार आवडते. २०२१ च्या पुरात माझं दुकान पाण्याखाली गेलं तेव्हा बाकी सगळं गेलं, पण फळीवरची अशी बंद केलेली एक पेटी चिखलातून काढून पुसली आणि चालू झाली. ती अजून दाखवायला ठेवली आहे.

हे सगळं जमणार नाही असं वाटत असेल तर तालुक्याच्या शेती-अवजारांच्या दुकानात पंपाचा मोबाईल स्टार्टर मिळतो. पुण्यातून निघालेल्या 'नॅनो गणेश'नं ही वाट आधी पाडली आणि आता बऱ्याच बनावटी आहेत. त्यांतल्या काहींना बाहेरून एक स्विच जोडायची सोय असते, तो तुटला की कॉल जातो. चुंबकाची माळ तिथे जोडली तर पाव अलार्म तयार. कौलांतून येणाऱ्याला तो पकडणार नाही, पण माळेची तार मोटरलाही बांधली तर मोटर नेणाऱ्याला पकडील.

सामानाचा खर्च चार-पाच हजारांच्या घरात जाईल, त्यातला मोठा भाग बॅटरी आणि मॉड्यूलचा. बसवून झाल्यावर लगेच निघू नका. तिथे असताना दोन रात्री यंत्र चालू ठेवा आणि झोपायला शेजाऱ्याकडे जा. पहिल्या रात्री घरातली जनावरं कळतील, त्याप्रमाणे सेन्सर फिरवा. दुसऱ्या दिवशी मेहुण्याला किंवा पुतण्याला चोर करा: काही न सांगता, हवं तिथून आत यायला लावा. मीही हेच करतो, आणि दर चार घरांमागे एका घरात पोरगं अशा जागेतून शिरतं की मालकालाही ती जागा ठाऊक नसते. न्हाणीघराचं मोरीचं भोक, गोठ्याची फळी, काहीही.

मॉड्यूल आत्ताच विकत घेऊ नका. पुढच्या खेपेला जाल तेव्हा माजघरात उभे राहून प्रत्येक सिमचे आकडे लिहून आणा, एकदा दुपारी आणि एकदा रात्री, टू-जी आणि फोर-जी वेगवेगळे. मागच्या पडवीचा आणि माळ्याचा फोटो काढा. ते पाठवा, मग कोणतं मॉड्यूल आणि सेन्सर कुठे ते सांगतो.